साठ ओहम

आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात कंट्रोल पॅनेलं बनतात. पंपांची, कॉम्प्रेसरची, कन्व्हेयरची. बसबार, कॉन्टॅक्टर, एमसीसीबी, फेरूल मारलेल्या वायरी, नंबर टाकलेली टर्मिनल्स, यातच माझी वर्षं गेली आहेत. ड्रॉइंग हातात असलं की पॅनेल उभं करायला मला कुणाला काही विचारावं लागत नाही. म्हणून एका सर्व्हे बोटीचं काम आलं तेव्हा तेही नेहमीसारखंच वाटलं. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून लिथियम बसवायच्या, केबिनच्या छपरावर सोलर, एक इन्व्हर्टर-चार्जर, आणि या सगळ्याचं एक आटोपशीर पॅनेल. ऑर्डरच्या शेवटच्या ओळीत मात्र लिहिलं होतं की सर्व पॉवर उपकरणे बोटीच्या एनएमईए २००० नेटवर्कवर दिसली पाहिजेत.

ती एक ओळ समजून घ्यायला मला बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला. त्याच गोंधळाविषयी इथे लिहिते आहे. आमच्या धंद्यातल्या आणखी कितीतरी जणांपुढे ही ओळ लवकरच येणार आहे.

बोट फायबरची, लहानशी. बंदरातल्या आणि खाडीतल्या चॅनेलची खोली मोजणं हे तिचं काम. मुंबईच्या पाण्यात गाळ सतत येतो, तो उपसावा लागतो, आणि उपसण्याआधी व उपसल्यानंतर तळ मोजावा लागतो. त्यासाठी बोट आखलेल्या रेषांवरून सरळ, एकाच वेगाने न्यावी लागते. पाण्याखालचा इको साउंडर, वरचा जीपीएस, आतले संगणक हे सगळं दिवसभर चालू. आजवर हे छोट्या डिझेल जनरेटरवर चालायचं. मालकांना त्याचा आवाज, धूर आणि खर्च तिन्ही नको होते.

नेटवर्क कशासाठी, हे मला बोटीच्या सारंगकाकांनी (सारंग म्हणजे बोट चालवणारा) सांगितलं. बेलापूरकडच्या कोळीवाड्यातले, लहानपणापासून खाडीत वाढलेले. बॅटऱ्या बसवायची जागा बघायला मी पहिल्यांदा धक्क्यावर गेले तेव्हा म्हणाले, "ताई, मी एकदा लाइन धरली की सुकाणू सोडता येत नाही. बॅटरीत किती उरलंय ते मला इथं, समोरच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. खाली वाकून मीटर बघायला माझ्याकडे जास्तीचा माणूस नाही."

ऑर्डरमधल्या ओळीचा अर्थ मला त्या वाक्यातून कळला. कारखान्यातल्या पॅनेलचं काम करंट पोचला की संपतं. बोटीवर करंट पोचल्यानंतर त्याची खबरही सुकाणूपर्यंत पोचवायची असते, आणि ती अशी की माणसाने तिच्यावर विसंबून बोट पुढे न्यावी की मागे फिरवावी हे ठरवावं.

सामान आलं तेव्हा पहिला गोंधळ सॉकेटांनी घातला. उपकरणं व्हिक्ट्रॉन या डच कंपनीची होती. बोटींवर आणि सोलरच्या कामांत ती बरीच दिसतात. इन्व्हर्टर-चार्जरच्या मागे इंटरनेटच्या केबलला असतं तसं आरजे४५ सॉकेट. मधल्या कंट्रोलरवर, ज्याला ते जीएक्स म्हणतात, त्याच आकाराची सॉकेटं ओळीने. एका जोडीवर लिहिलेलं व्हीई.बस, दुसऱ्या जोडीवर व्हीई.कॅन, तिसऱ्या जोडीवर बीएमएस-कॅन. शिवाय खरोखरचं इंटरनेटचं सॉकेट वेगळंच. प्लग यातल्या कशातही तितक्याच सहज बसतो आणि टक् असा आवाज करतो. आमच्या कामात प्लग नीट बसला तर ती त्याची जागा असं बहुतेक वेळा धरून चालतं. इथे तसं धरून अजिबात चालत नाही.

व्हीई.बस ही त्यांच्या इन्व्हर्टर-चार्जरची स्वतःची बोली. व्हीई.कॅन हे सेकंदाला २५० किलोबिट वेगाने चालणारं कॅन जाळं, आणि बोटीचं एनएमईए २००० त्याच जातीचं आणि त्याच वेगाचं आहे. बीएमएस-कॅन हेही कॅनच, पण त्याचा वेग ५०० किलोबिट. काही लिथियम बॅटऱ्यांचे बीएमएस, म्हणजे सेलांवर पहारा ठेवणारी सर्किटं, याच वेगाने बोलतात. दोन वेगांची उपकरणं एकाच जोडीवर आली तर कुणालाच कुणाचं कळत नाही. मग सोलर चार्जर आणि करंट मोजणाऱ्या शंटवर चौथाच प्रकार, व्हीई.डायरेक्ट, चार पिनांचं बारीक सॉकेट. त्यावरून एक उपकरण एकाच जागी बोलतं, जाळं वगैरे काही नाही.

एक दुपार मी या सगळ्या केबली टेबलावर पसरून नुसती बघत बसले होते. शेवटी आमच्या पॅनेलच्या सवयीवर आले. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप आणि नाव. व्हीई.बसला पिवळी, व्हीई.कॅनला निळी, बीएमएस-कॅनला लाल, डायरेक्टला पांढरी. हे रंग कुठल्याही नियमात नाहीत, माझे मी ठरवलेले. पण त्यानंतर हात थांबला नाही.

आता कॅन म्हणजे काय. हे मला आमच्या गाळ्याला प्रोग्रॅमिंग करून देणाऱ्या एका तरुण मुलाने कागदावर काढून दाखवलं, आणि त्यानंतर मी स्वतः मल्टिमीटर लावून त्याची खात्री केली. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये गाड्यांसाठी ही पद्धत जगापुढे आणली. आज रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक कारमध्ये ती आहे. ट्रक आणि अवजड यंत्रांसाठी तिच्यावर जे१९३९ नावाचा नियमसंच बसवला गेला, आणि अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने त्याच्याच आधारावर बोटींसाठी एनएमईए २००० केलं. म्हणजे महापे-तुर्भ्याच्या गॅरेजांत ट्रकला स्कॅनर लावणारी पोरं ज्या तारांशी बोलतात, त्यांचीच जातभाई बोटीवर असते. हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली.

तारा दोनच, एक हाय आणि एक लो. कुणी बोलत नसेल तेव्हा दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट. कुणी बोलू लागलं की हाय साडेतीनकडे चढते आणि लो दीडकडे उतरते. ऐकणारे या दोघींमधला फरक तेवढा वाचतात. मोटारीचा, पंपाचा, इन्व्हर्टरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक काढला की तो वजा होतो. तारांना पीळ असतो तो त्यासाठीच.

मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. या जाळ्याला मालक नाही. आमच्या पीएलसीच्या मॉडबस जाळ्यात एक मास्टर असतो, तो विचारेल तेव्हाच बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. इथे प्रत्येक जण आपली माहिती आपणहून टाकतो, ज्याला हवी तो घेतो. दोघे एकाच क्षणी बोलू लागले तर? प्रत्येक संदेशाची सुरुवात एका क्रमांकाने होते आणि त्यात तातडीचा दर्जा आधी येतो. ज्याचा क्रमांक लहान तो पुढे बोलत राहतो, दुसरा तिथल्या तिथे थांबतो आणि तार मोकळी झाली की पुन्हा येतो. जिंकणाऱ्याचा संदेश मोडत नाही, त्याचा वेळही जात नाही. सुकाणू वळवण्याचा हुकूम आणि टाकीतल्या पाण्याची पातळी एकाच तारेवर निर्धास्त राहू शकतात ते यामुळे. ज्यांनी हे शोधलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटला.

संदेशांच्या प्रकारांना पीजीएन म्हणतात, म्हणजे ठरावीक आकडे. १२७५०८ म्हणजे बॅटरीचे व्होल्ट, अँपिअर आणि तापमान. १२७५०६ मध्ये बॅटरी किती टक्के भरली आहे आणि अजून किती वेळ चालेल. १२७५०७ चार्जरची स्थिती. याच तारेवरून १२८२६७ ने पाण्याची खोली जाते आणि १२९०२५ ने बोट कुठे आहे ते. मी हे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलासमोर लावले. पाठ करायची गरज नाही, पण प्लॉटरच्या, म्हणजे सुकाणूसमोरच्या स्क्रीनच्या, माहितीपत्रकात बघून घ्यावं लागतं की तो यातले कोणते वाचतो. काही जुने प्लॉटर १२७५०८ वाचतात आणि टक्के दाखवणारा १२७५०६ वाचतच नाहीत. तुमचं काम बिनचूक असूनही मग स्क्रीनवर टक्के येत नाहीत. सारंगकाकांना हवे होते ते नेमके टक्केच, त्यामुळे एक केबल ओढण्याआधी मी हे तपासलं. त्यांचा प्लॉटर दोन्ही वाचत होता.

बोटीवर जाण्याआधी सगळं जाळं रबाळ्यात टेबलावर मांडायचं असं ठरवलं. बोटीच्या पोटात गुडघे मुडपून, एका हातात टॉर्च धरून शिकणं शक्य नव्हतं.

एनएमईए २००० ची मांडणी अगदी ठाशीव आहे. मधून एक मुख्य केबल जाते, तिला सगळे बॅकबोन म्हणतात. तिच्यात जागोजागी टी जोडायचे, आणि प्रत्येक टी पासून एका उपकरणाला ड्रॉप केबल. ड्रॉप सहा मीटरपेक्षा लांब चालत नाही. नेहमीच्या बारीक केबलचा बॅकबोन शंभर मीटरपर्यंत. जाळ्यावर जास्तीत जास्त ५० उपकरणं. घरच्या वायरिंगसारखे मधूनच फाटे फोडायचे नाहीत, गोल करून टोकं एकमेकांना जोडायची नाहीत. बॅकबोनला दोनच टोकं हवीत आणि त्या दोन्ही टोकांवर एकेक टर्मिनेटर, म्हणजे १२० ओहमचा रेझिस्टर बसवलेली टोपी.

टोपी कशासाठी हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. वायरच्या टोकाला काही जोडलेलं नसेल तर तिथे करंट थांबला, एवढंच मला माहीत. ते समजलं धक्क्यावर उभं राहून. लाट भिंतीवर आपटली की मागे फिरते आणि येणाऱ्या लाटेत घुसते. उतार असेल तिथे ती चढून जिरते. तारेतून वेगाने जाणारा सिग्नलही मोकळ्या टोकावर आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. टर्मिनेटर त्याला टोकाशी जिरवतो.

आणि या टोप्यांमुळेच हातात एक भक्कम कसोटी येते. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर, दोन्ही हाय आणि लोच्या मध्ये, म्हणजे समांतर. जाळ्याचा वीजपुरवठा बंद करायचा, मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा, पाच पिनांच्या गोल कनेक्टरमधली पांढरी तार हाय आणि निळी लो, त्या दोन पिनांना प्रोब लावायचे. साठच्या आसपास आकडा आला तर पाया बरोबर. १२० आला तर एक टोपी नाही किंवा मध्ये केबल तुटली आहे. चाळीस आला तर कुठेतरी तिसरी टोपी आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. टेबलावर मी मुद्दाम एकेक टोपी काढून, जास्तीची लावून हे सगळे आकडे बघून घेतले. सॉफ्टवेअरमधलं काही कळत नव्हतं तेव्हाही हा साठचा आकडा मला कळत होता. आपल्या हातातल्या, रोजच्या मीटरवर दिसणारी गोष्ट. इतके दिवस जे अंधारात चाचपडणं चाललं होतं त्यात मला पहिल्यांदा जमीन लागली ती इथे.

मग जाळ्याच्या स्वतःच्या विजेचा प्रश्न आला. पाच पिनांत हाय आणि लो सोडून लाल-काळी जोडीही असते, जाळ्याला १२ व्होल्ट देणारी, आणि पाचवी शील्डची. हा पुरवठा बॅकबोनला एकाच जागेवरून द्यायचा, फ्यूजमधून. बोटीवर तो आधीपासून होता. पण व्हीई.कॅनमधून एनएमईए २००० कडे जाणारी जी तयार केबल मिळते, तिच्यात एक छोटा फ्यूज असतो. तो ठेवला तर व्हिक्ट्रॉनच्या बाजूनेही जाळ्याला वीज मिळते, काढला तर फक्त माहिती जाते. आमच्या कामात जाळ्याला वीज आधीच होती, तेव्हा तो फ्यूज काढणं भाग होतं. बारीक अक्षरातली ही एक सूचना. ती वाचायची राहिली तर दोन वेगळे पुरवठे एका तारेवर येऊन बसतात. मी काढलेला फ्यूज एका पिशवीत घालून, चिठ्ठीसकट पॅनेलच्या दारात चिकटवला. पुढे कुणी उघडलं तर तो हरवलेला नाही, काढलेला आहे हे त्याला कळावं.

एवढं करूनही स्क्रीनवर बॅटरी दिसेना. साठ ओहम बरोबर, वीज बरोबर, केबल बरोबर. जीएक्सच्या सेटिंगमध्ये व्हीई.कॅनच्या खाली माहिती एनएमईए २००० वर पाठवण्याचा वेगळा पर्याय असतो, तो सुरू करावा लागतो. तो त्या प्रोग्रॅमिंगवाल्या मुलाने शोधून सुरू केला, आणि टेबलावरच्या उसन्या प्लॉटरवर सोलर, बॅटरी, इन्व्हर्टर एकामागून एक उगवले. मी त्या क्षणी गाळ्यातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

आता टक्क्यांकडे येते. माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव इथेच आहे.

सारंगकाकांनी विचारलेला प्रश्न साधा होता. "हे टक्के ठरवतं कोण?" जुन्या बॅटरीत ते व्होल्ट बघून अंदाज बांधायचे. १२.७ म्हणजे भरलेली, बाराच्या खाली गेली की परत फिरायचं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत ही युक्ती निरुपयोगी ठरते. ती जवळजवळ पूर्ण भरलेली असो की बरीच रिकामी झालेली असो, व्होल्ट तेराच्या आसपासच घुटमळतात आणि अगदी शेवटी एकदम कोसळतात. व्होल्टवर भरवसा ठेवणारा माणूस खाडीच्या मधोमध अडकेल.

म्हणून आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक अँपिअर मोजायचा. ते शंट करतो. शंट म्हणजे पितळी ठोकळ्यांमध्ये बसवलेली, अगदी कमी पण नेमका रोध असलेली पट्टी. आमचा ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्टचा. म्हणजे पाचशे अँपिअर वाहिले तर दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक, पन्नास अँपिअरला पाच. त्या इवल्याशा फरकावरून आतलं सर्किट हिशेब ठेवतं. पण हा हिशेब एका अटीवर खरा असतो. बॅटरीच्या निगेटिव्हला शंटची एकच केबल लागली पाहिजे, आणि बोटीतलं बाकी प्रत्येक निगेटिव्ह शंटच्या पलीकडच्या बाजूला. एखादा पंप, एखादा दिवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर राहिला तर त्याने खाल्लेला करंट कुणाच्याच खात्यात येत नाही. नेटवर्क ती चुकीची टक्केवारी तितक्याच इमानाने स्क्रीनवर नेऊन दाखवतं.

ज्यांना हे काम नवीन आहे त्यांना मी हे पुन्हा सांगेन. आकडा स्क्रीनवर आला म्हणजे तो खरा झाला, असं नाही. तो खरा आहे की नाही ते खाली, शंटच्या नट-बोल्टवर ठरतं. बोटीवर मी एकेक निगेटिव्ह केबल हाताने माग काढत तपासली. बिल्ज पंपाची एक केबल, तळात साचणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची, थेट बॅटरीवर होती. असे पंप मुख्य स्विच बंद असतानाही चालावेत म्हणून त्यांचं पॉझिटिव्ह मुद्दाम थेट घेतात आणि ते योग्यच आहे. मी पॉझिटिव्हला हात लावला नाही, निगेटिव्ह तेवढं शंटच्या पलीकडे नेलं.

बोटीवर टेबलावरचं पॅनेल जोडून झालं, जुन्या बॅकबोनच्या एका टोकाची टोपी काढून तिथून नवीन भाग पुढे वाढवला, नव्या टोकाला टोपी लावली, वीज बंद करून मीटर लावला. आकडा चाळीस.

टेबलावर खेळून बघितलेला आकडा समोर होता, त्यामुळे घाबरायला झालं नाही. तिसरी टोपी शोधायची होती. ओहोटीची वेळ, बोट धक्क्याच्या खाली गेलेली, केबिनमध्ये उकाडा. बॅकबोनचा एकेक टी सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजत गेले. सुकाणूच्या वरच्या छताचं पॅनेल स्क्रू काढून उतरवलं तेव्हा सापडली. पूर्वी तिथे कधीतरी एखादं उपकरण असावं. ते काढल्यावर कुणीतरी टी च्या मोकळ्या तोंडावर पाणी जाऊ नये म्हणून टर्मिनेटरच टोपी म्हणून लावला होता. दिसायला तो बंद करायच्या साध्या टोपीसारखाच. तो काढून साधी टोपी लावली आणि मीटरवर साठ आला. सारंगकाका म्हणाले की कधीकधी खोलीचा आकडा स्क्रीनवरून क्षणभर गायब व्हायचा, ते पावसाळी हवेमुळे असं समजून चालले होते. त्यानंतर तसं झाल्याचं त्यांच्याकडून ऐकलं नाही.

अजून एक गाठ उरली होती. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, लेड-अ‍ॅसिडच ठेवलेली. तिचे व्होल्ट इंजिनच्या बाजूने आधीच जाळ्यावर येत होते. नवी लिथियमही आली. आणि प्लॉटरवर एकाच चौकटीत आकडा १२.६, मग १३.३, पुन्हा १२.६ असा उड्या मारू लागला. प्रत्येक बॅटरीच्या संदेशात तिचा एक क्रमांक असतो, त्याला इन्स्टन्स म्हणतात. दोघींनीही आपला क्रमांक शून्य सांगितला होता, आणि प्लॉटर दोघींचं बोलणं एकाच चौकटीत लिहीत होता. इंजिनच्या बॅटरीला दुसरा क्रमांक दिला, प्लॉटरमध्ये दोन चौकटी केल्या, नावं दिली. आकडे स्थिर झाले. गाळ्यातल्या पॅनेलमध्ये दोन वायरींना एकच नंबर देणं आम्ही कधी चालवून घेत नाही. इथेही तोच नियम लागतो, फक्त तो नंबर डोळ्यांना दिसत नाही.

एका बाबतीत मी हट्ट धरला. सुरक्षेचं कुठलंही काम या माहितीच्या जाळ्यावर सोपवायचं नाही. बॅटरी जास्त तापली किंवा सेलचे व्होल्ट मर्यादेबाहेर गेले तर बीएमएसने ती स्वतः तोडली पाहिजे, नेटवर्क जिवंत असो वा नसो. चार्जर बंद करण्याच्या तारा वेगळ्या, सरळ ओढलेल्या. इंजिनचा अल्टरनेटर थेट लिथियमला जोडला नाही, इंजिनच्या बॅटरीतून डीसी-डीसी चार्जरमार्फत नेला, कारण अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली तर व्होल्ट उसळून अल्टरनेटरचे डायोड जळतात. प्लॉटरने बघावं आणि दाखवावं. वाचवण्याचं काम तांब्याच्या तारेचं.

एवढा खटाटोप एका छोट्या बोटीसाठी कशाला, असं आमच्याच गाळ्यात काहींनी विचारलं. माझं उत्तर खाडीकडे बोट दाखवण्याचं. रबाळे, ऐरोली, दिवा, घणसोली ही कोळी-आगऱ्यांची गावं कारखान्यांच्या आधीची आहेत. आज मासेमारीच्या बोटींवरही इलेक्ट्रॉनिक्स आलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला देशभरातल्या मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश देणारे. ज्या रात्री बॅटरी मान टाकते त्या रात्री तेही मुके होतात. केरळात वैकमला २०१७ पासून 'आदित्य' ही सौर प्रवासी बोट चालते, कोचीत २०२३ पासून विजेच्या बोटींची वॉटर मेट्रो. आपल्याकडेही ही वेळ दूर नाही. आणि दूरच्या सफरीचं म्हणाल तर गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकटा माणूस झोपतो तेव्हा ऑटोपायलट, दिवे, रेडिओ हे सगळं बॅटरीच्या भरवशावर असतं. अशा माणसासाठी बॅटरीची खरी खबर ही चैन नव्हे.

हे काम शिकवणारं मराठीतलं एकही पुस्तक मला मिळालं नाही. आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना कॅन बसचा एक दिवसाचा तरी प्रत्यक्ष पाठ मिळावा, दोन टोप्या, चार टी आणि एक मल्टिमीटर एवढ्यावर तो होतो. ज्यांना पॅनेलचं काम येतं त्यांना हे येऊ शकतं, यात मला आता शंका नाही.

बोटीच्या मालकांना आणि सारंगांना एक विनंती. काम झालं की फिटरकडून जाळ्याचा नकाशा मागून घ्या: बॅकबोन कुठून कुठे गेला, दोन टोप्या कुठे आहेत, वीज कुठून येते, कोणता फ्यूज काढला आहे, कोणत्या बॅटरीला कोणता इन्स्टन्स दिला, आणि त्या दिवशी मीटरवर किती ओहम आले. तो मराठीत लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. जो फिटर हा नकाशा द्यायला नाही म्हणेल, त्याचं शेवटचं बिल नकाशा मिळेपर्यंत थांबवा.